विसण

“कुठं लागला?” सर्जानं विचारलं.

“जाळीत लागला की! डोळं फुटलं काय तुझं?” मी मातीत आडवा पडलो होतो. उडी मारली होती उजवीकडं आणि बॉल गेला होता डावीकडनं. अशा वेळी कुणी काही विचारलं की माझं टाळकं सटकायचं.

“जाळीत न्हवं रं मर्दा. पायाला. माझ्या पायाला कुठं लागला?”

“पाय तुझा का माझा?”

“तुला समोरनं दिसतंय म्हणून विचारालोय. सांग की.”

“आतल्या अंगाला. अंगठ्याच्या मागं, घोट्याच्या खाली.”

“मग बरोबर हाय,” म्हणून तो हसला आणि वाकून पुढचा बॉल ठेवायला लागला.

मी गणपत इंगवले. तालमीत सगळे गणपा म्हणायचे. आता सत्तरी उलटलीय, गुडघे गेलेत, जिना चढताना बायकोच्या खांद्याला धरतो आणि ती म्हणते, “हेच का ते, उड्या मारत होतं ते?” हेच ते. पाणंद तालमीचा गोलकीपर. आमच्या कोल्हापुरात फुटबॉल तालमी खेळतात. आत लाल मातीत कुस्ती, बाहेर अंगणात फुटबॉल, आणि दोन्हीवर वस्ताद एकच. ज्या पेठेत जन्माला आलास त्या पेठेचा शर्ट अंगात घालायचा. दुसऱ्या तालमीकडनं खेळलास तर सख्खी आत्या लग्नाला बोलवायची नाही.

सर्जा म्हणजे सर्जेराव चौगुले. आमची पेनल्टी मारायचा, लांबच्या फ्री किक मारायचा. बॉल जमिनीवर ठेवून मारायचा असला की तो सर्जाचाच, हे पेठेतल्या शेंबड्या पोरालाही माहीत. चालत्या खेळात तो फार मोठा होता असं नाही. खरं सांगायचं तर त्या सालात धावताना थोडा अडखळायचा. पण बॉल ठेवून दिला की संपलं. दोन हंगाम झाले, मारलेली पेनल्टी चुकली असं झालं नव्हतं. दिवसा तो फौंड्रीत कामाला असायचा. तिथं एकदा तापलेला तुकडा त्याच्या पायावर पडला, चामडं जळालं, धूर निघाला, तरी ह्यानं हूं की चूं केलं नाही. बाजूच्या माणसानं ओरडून सांगितलं तेव्हा पाय झटकला. तेव्हापासनं त्याचं नावच पडलं, लोखंडी पाय. खेळताना समोरच्यानं नडगीवर बूट हाणला तरी सर्जा उभाच. आमची पोरं दुसऱ्या तालमीच्या पोरांना टेचात सांगायची, “तुमच्यात हाय काय असला एक तरी?”

त्या वर्षी आम्ही फायनलला पोचलो. आणि फायनलच्या आधी मुंबईहून कारखानीस साहेब आले.

एका मिलचा मोठा संघ होता. पगारी खेळाडू, कायमची नोकरी, राहायला खोली. कारखानीस साहेब त्या संघाची निवड बघायचे. उंच, सडपातळ माणूस, पांढरी टोपी, बोलणं हळू. तालमीच्या कट्ट्यावर बसून चहा घेता घेता त्यांनी सरळ सांगून टाकलं.

“वस्ताद, आमच्याकडे पळणारे आहेत, उड्या मारणारे आहेत. पण ऐन वेळी बॉल ठेवला की सगळ्यांचे पाय कापतात. लागोपाठ दोन फायनल आम्ही अशाच घालवल्या. मला एकच माणूस हवाय. भरवशाचा.”

हिंदूराव वस्तादांनी मिशीला पीळ दिला. “मग योग्य दारात आलाय. पण साहेब, पोरगं माझं हाय. मी चांगलंच सांगणार. तुमी त्याच्या पाठीमागं बसून किती बी बघा, तुमाला पाठच दिसणार. पेनल्टी मारणाऱ्याचं तोंड एकच माणूस बघतोय.” आणि त्यांनी माझ्याकडं बोट केलं. “ह्येला इचारा.”

“मी विचारीनच,” साहेब म्हणाले. “पण आधी डोळ्यांनी बघतो.”

दुसऱ्या दिवशी सकाळी वस्तादांनी सर्जाची परीक्षा लावली. परीक्षा म्हणजे कसली, छळच तो. सगळी पेठ अंगणात गोळा केली. सर्जा बॉल ठेवायला वाकला की थाळ्या बडवायच्या, शिट्ट्या मारायच्या, आयमाय काढायची. कुणी त्याच्या अजून न झालेल्या बायकोबद्दल बोलायचं, कुणी मागनं गार पाणी फेकायचं. मी गोलात. मलाही वस्तादांनी दम भरला होता, “गणपा, ढिला पडलास तर तंगडं मोडीन.” मी कशाला ढिला पडतोय? सर्जाला अडवायची मला दर वेळी खुमखुमी असायची.

एकही अडवता आला नाही. मी बोटं लावली एकाला, तोही गेला.

पण तोंड मी बघत होतो. आधी सर्जा मारायच्या आधी माझ्या डोळ्यांत बघायचा, मिचकावायचा, मला बनवायचा. त्या सालात तसं राहिलं नव्हतं. आता तो मान खाली घालून यायचा, नजर पायावर, पायावरनं बॉलवर, बॉलला पाय लागेपर्यंत तिथंच. आणि लागल्या लागल्या झटकन वर माझ्या तोंडाकडं बघायचा. जाळीकडं नाही, बॉलकडं नाही. माझ्या तोंडाकडं. मला वाटायचं, हरामखोर माझी फजिती बघतोय.

“काय एकाग्रता आहे!” साहेब म्हणाले. “नजर एकदाही हलली नाही.”

परीक्षा संपली, पोरं गलका करत सर्जाच्या अंगावर पडली. कुणीतरी त्याचा उजवा बूट ओढून काढला, डोक्यावर घेऊन नाचायला. आणि नाचता नाचता थांबला. बुटातनं लाल काहीतरी ओघळत होतं. तळातला एक खिळा वर आला होता, चांगला बोटभर. सर्जाच्या मोज्याचा तळवा रक्तानं चिंब झाला होता.

“अरं बाबा, खिळा!” पोरगा ओरडला. “खिळा घुसलाय पायात आणि ह्यो मारालाय!”

मग जी आरोळी उठली ती मी फायनललाही ऐकली नाही. लोखंडी पाय! लोखंडी पाय! वस्तादांचे डोळे भरून आले. साहेब उठून उभे राहिले.

सर्जा मात्र त्या बुटाकडं बघत होता. त्याचा चेहरा एकदम उतरला. पांढराफटक. मी जवळ होतो, म्हटलं, “काय रं, रक्ताला भितोस व्हय?”

“व्हय,” तो म्हणाला. “मोजा काढू नका. मी काढतो घरी.”

तो कधीच मोजा काढायचा नाही आमच्यासमोर. विहिरीवर आमच्याबरोबर आंघोळ करायचंही त्यानं सोडलं होतं. आम्ही चिडवायचो, “नवरी हाय ही, लाजतीया.” तो हसून घ्यायचा.

साहेबांनी मला संध्याकाळी बाजूला घेतलं. “इंगवले, आता तुम्ही सांगा. मी याला घेऊन गेलो आणि तिथे पन्नास हजार लोकांसमोर याचा पाय कापला, तर माझी मान खाली जाईल. भरवसा ठेवू?”

“साहेब,” मी म्हटलं, “मला त्याचा लई राग येतो. रोज गोल खातो मी त्याच्याकडनं. पण डोळं झाकून ठेवा भरवसा. त्याला भ्या न्हाई.”

“मग फायनल बघतो आणि बरोबरच घेऊन जातो.”

सर्जाला हे सांगायला मी पळतच दूध कट्ट्यावर गेलो. त्याची आई, तानूमावशी, तिथं म्हैस घेऊन उभी असायची. आमच्याकडं लोक रस्त्यावर उभं राहून समोर पिळलेलं दूध पितात, फेसासकट. सर्जाचा बाप तो लहान असतानाच गेला. त्या एका म्हशीवर मावशीनं ह्याला वाढवला. तोंडानं फटकळ, पण हात सढळ. मला बघितलं की ग्लास काठोकाठ.

“गेला की गं तुझा ल्योक मुंबईला!” मी ओरडलो.

मावशीनं धार सोडली आणि तिथंच फतकल मारून बसली. “खरं म्हणतोस?”

“साहेब बोललं. फायनल झाली की संगट नेणार.”

“माझी एकच इच्छा हाय बघ, गणपा,” ती पदरानं डोळे पुसत म्हणाली. “जायच्या आधी एकदा ह्येचं पाय धुवू दे मला. तालमीच्या दारात. सगळ्या पेठंसमोर.”

हा आमच्या तालमीचा रिवाज. फायनल जिंकून आलं की ज्याच्या गोलावर जिंकलं, त्याला दारात पाटावर बसवायचं, पाय परातीत ठेवायचे, आणि त्याच्या आईनं ऊन पाण्यानं पाय धुवायचे. मग हळदकुंकू, मग भाकरतुकडा ओवाळून टाकायचा, मगच त्यानं आत पाऊल टाकायचं. ज्या बाईच्या हातनं हे एकदा झालं, ती पेठेत मरेपर्यंत मान वर करून चालायची. वस्तादांच्या आईचं झालं होतं. माझ्या आईचं नाही. गोलकीपरचे पाय कोण धुतंय?

सर्जा म्हशीच्या पाठीवर हात ठेवून उभा होता. “आई, पायबिय नगं धुवायला,” तो म्हणाला. “खेळून थेट ठेसनावर जाऊ.”

“लाजतोस व्हय आईला? धुणार म्हणजे धुणार!”

परत येताना तो माझ्याबरोबर चालला. मग म्हणाला, “गणपा, मुंबईत मला कोण वळखत न्हाई. व्हय की न्हाई?”

“कोण वळखणार तुला? हितनं गेलास की तू कुत्र्याला म्हाईत न्हाईस.”

“तेच बरं हाय,” तो म्हणाला. “एकदा तिकडं गेलो की सगळं नीट हुईल.”

“आता काय बिघडलंय?”

“काय न्हाई रं.”

फायनल झाली ती रणरणत्या उन्हात. स्टेडियमच्या पायऱ्या भरल्या, भिंती भरल्या, बाहेरची झाडं भरली. समोर वडाच्या चौकाची तालीम. त्यांनी एक मारला, आम्ही एक फेडला, आणि मग नुसती ढकलाढकली. शेवटाला पंचानं घड्याळ बघितलं आणि तेवढ्यात त्यांच्या एका धटिंगणानं आमच्या पोराला गोलासमोर आडवा केला. शिट्टी. पेनल्टी.

मी मैदानाच्या दुसऱ्या टोकाला, माझ्या गोलात. मॅचमध्ये मी सर्जाची पाठच बघायचो, सगळ्या गावासारखी. लांबनं तो एवढासा दिसत होता. वाकला, बॉल ठेवला. मागं सरकला. वडाच्या चौकाचे लोक पायऱ्यांवर उभं राहून थयाथया नाचत होते. मला त्याचं तोंड दिसत नव्हतं. मी देवाला म्हटलं, आयुष्यभर गोल खाईन ह्याच्याकडनं, पण हा जाऊ दे.

तो मान खाली घालूनच आला. पाय लागला. बॉल जाळीत गेला. आणि सर्जा वर बघून तिकडच्या गोलकीपरच्या तोंडाकडं बघत उभाच राहिला. सगळं गाव बोंबललं तेव्हा कुठं त्यानं हात वर केले.

मिरवणूक पेठेत पोचायला किती वेळ लागला कुणास ठाऊक. हलगी, घुमकं, गुलाल. सर्जा वस्तादांच्या खांद्यावर. कारखानीस साहेबांची पांढरी टोपी पार गुलाबी झालेली, आणि तो शिस्तीचा माणूस चक्क हसत होता. चालता चालता मला म्हणाले, “इंगवले, तुमच्या शब्दावर मी उद्याच्या गाडीची दोन तिकिटं काढलीत.”

तालमीच्या दारात पाट मांडलेला. पितळी परात. तांब्याचा बंब सकाळपासनं पेटवलेला, कारण खेळून आल्यावर पोरांना आंघोळ लागायची. बंबाच्या शेजारी विसणाची बादली ठेवायची पद्धत. बंबातलं पाणी कढत असतं, त्यात गार विसण घातल्याशिवाय ते अंगावर घेता येत नाही. आमच्या पेठेत हे शिकवावं लागत नाही कुणाला. पण त्या दिवशी पोरं आधी पळत आली, डोळ्यांत गुलाल गेलेला, आणि विसणाची बादली उचलून तोंडं धुवायला घेऊन गेली.

वस्तादांच्या बायकोनं बंबातनं चरवी भरून मावशीच्या हातात दिली. तिला वाटलं विसण मावशी घालंल. मावशीला वाटलं घालूनच दिलंय. चरवी तापलेली असते म्हणून मावशीनं पदर हाताला गुंडाळून ती धरलेली. डोळ्यांतनं पाणी वाहत होतं, समोरचं दिसत होतं की नाही देव जाणे.

“बस, माझ्या वाघा,” ती म्हणाली.

सर्जा पाटावर बसला. कुणीतरी बूट काढला, मोजा ओढून काढला. त्यानं हात पुढं केला अडवायला, पण दहा हात होते तिथं. मी परातीच्या अगदी कडेला उभा होतो. त्याच्या घोट्याच्या वर एक फिकट चट्टा दिसला. मला वाटलं, मोज्याच्या इलास्टिकचा असंल.

मावशीनं पाणी ओतलं. सर्जा तिच्या तोंडाकडं बघत होता. ती हसत होती, रडत होती. तोही हसला. परातीतनं पाण्याचे चार थेंब उडून माझ्या नडगीवर आले आणि मी जिवाच्या आकांतानं ओरडलो.

“मावशी! थांब! कढत हाय!”

हलगीच्या आवाजात कुणाला ऐकू गेलं नाही. तिनं ओतलं, सगळी चरवी ओतली. मी सर्जाचं तंगडं धरून परातीतनं बाहेर ओढलं. माझी बोटं भाजली. तो माझ्याकडं बघत होता, हसू तोंडावर तसंच राहिलेलं. “काय रं, काय झालं?” त्यानं विचारलं.

त्याच्या पायाची कातडी माझ्या बोटांना चिकटून आली होती.

हलगी एकेक करून थांबली. मावशीनं पदरातनं हात सोडवून परातीत घातला आणि किंचाळून बाहेर काढला. मग तिनं लेकाच्या पायाकडं बघितलं आणि लेकाच्या तोंडाकडं बघितलं. “सर्जा,” ती म्हणाली, “तुला लागलं न्हाई?”

आता सर्जाला कळलं. मी तोंड बघत होतो त्याचं. रोज बघत होतो, पण असलं तोंड मी कधी बघितलं नव्हतं. त्यानं घाईघाईनं तोंड वाकडं केलं, “आई गं” म्हणून ओरडला, पायाला हात लावला. पण लई उशीर झाला होता. एक म्हातारा गर्दीतनं पुढं आला, त्या चट्ट्याकडं बघितलं, आणि मागं सरला. लोक नुसते मागं सरकत गेले. मघाशी ज्यांनी त्याला खांद्यावर घेतलं होतं, ते आपले खांदे बघायला लागले.

वस्तादांनी टांग्यावाल्याला हाक मारली. तो आला नाही. मग मी आणि वस्तादांनी सर्जाला उचललं आणि हातगाड्यावरनं दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी पाय बघितला, टाचणी टोचून बघितली, कोपराच्या मागची शीर दाबून बघितली, आणि रोगाचं नाव सांगितलं. त्या काळात ते नाव कुणी घरात मोठ्यानं घ्यायचं नाही. म्हणाले, बरा होतो, गोळ्या आहेत. पण पायातलं जे कळणं गेलंय ते परत येणार नाही.

कारखानीस साहेब बाहेर बाकावर बसले होते. गुलाल अजून टोपीवर. मी जाऊन सांगितलं. त्यांनी टोपी काढली, झटकली, परत घातली. “तुम्ही खोटं सांगितलं नाही, इंगवले,” ते म्हणाले. “तो चुकला नाही. एकदाही चुकला नाही.” आणि एकटेच निघून गेले.

दुसऱ्या दिवशी तानूमावशी नेहमीसारखी म्हैस घेऊन कट्ट्यावर आली. तिच्यासमोर कुणी ग्लास धरला नाही. मी गेलो, धरला, प्यायलो. वस्ताद आले, प्यायले. आम्ही दोघं किती पिणार? महिनाभर ती यायची, उभी राहायची, दूध तसंच परत न्यायची. मग तिनं म्हैस विकली. सर्जा पाय जरा बरा झाल्यावर स्वतःहूनच गावाबाहेरच्या माळावर गेला, तिथं असल्या लोकांसाठी घरं बांधली होती. रोग दोन-तीन वर्षांत गेला. पण तो परत आला नाही. आणि खरं सांगतो, या म्हणायलाही पेठेतनं कुणी गेलं नाही. मला अजून ह्याचा संताप येतो. तालमीच्या दारात पाय धुवायचा रिवाजही त्या दिवसापासनं बंद झाला.

मी जात होतो माळावर. पहिल्या पहिल्यांदा तो बाहेर यायचाच नाही. मग यायला लागला, लांब बसायचा. मग जवळ. तानूमावशी तर शेवटी तिथंच राहायला गेली. तिथल्या सगळ्यांचं आंघोळीचं पाणी ती काढायची, आणि प्रत्येक बादलीत आधी आपला हात घालून बघायची. कुणालाही तिनं ते काम करू दिलं नाही. जाईपर्यंत म्हणायची, “माझ्या हातनं भाजलं माझं लेकरू.”

ती वारली, तिचं दिवसकार्य झालं आणि मी माळावर गेलो. सर्जानं दाढी केली नव्हती. पायात तिथंच बनवलेली जाड रबरी चप्पल, बोटं आखडलेली, हातांचीही. ओट्यावर बसलो. आत कुणीतरी चहा टाकला होता.

“गणपा,” तो म्हणाला, “आईला मी एक कधी सांगितलं न्हाई. तुला सांगतो.”

“सांग.”

“मला ठावं होतं पायाचं. वरीसभर आधीपासनं. पण हितं दवाखान्याची पायरी चढलो असतो तर सांजच्याला पेठंत बोंब झाली असती. म्हटलं, मुंबईत दाखवू. नोकरी लागंल, आईला घेऊन जाऊ, गुपचूप बरं हू.” तो थांबला. “बॉल लागलेला मला कळायचा न्हाई. पाय कुठं हाय ते डोळ्यानं बघून मारायचो. बरोबर लागला का न्हाई, ते तुझ्या तोंडावरनं वाचायचो. तू उडी मारायच्या आधीच तुझ्या तोंडावर यायचं, की गेला. लई सरळ तोंड हाय तुझं.”

वर्षभर मला वाटत होतं, मी त्याचं तोंड बघतोय.

“मग त्या दिवशी?” मी विचारलं.

“त्या दिवशी परातीत पाय होता. पाणी कसं हाय मला काय कळणार? म्हटलं, आईच्या तोंडाकडं बघावं. कढत असंल तर तिच्या तोंडावर दिसंल, मग पाय मागं घेऊ, चारचौघांसारखं आई गं म्हणू.” त्यानं माळाकडं बघितलं. “ती हसत होती रं. एवढी हसताना मी तिला जन्मात बघितली नव्हती. म्हणून मी पाय ठेवला तसाच.”

माझ्या डोळ्यांतनं पाणी यायला लागलं आणि मी ते पुसलं नाही. आतनं एका पोक्त बाईनं चहाचे दोन ग्लास आणून ओट्यावर ठेवले आणि ती गेली. मी माझा ग्लास उचलला. सर्जानं उचलला नाही. दोन्ही हात मांडीवर ठेवून तो माझ्या तोंडाकडं बघत बसला होता.

मला कळायला जरा वेळ लागला. मग मी ग्लास ओठाला लावला. जीभ पोळली. मी तोंड वाकडं केलं, चांगलं मोठ्यानं हाय हुय केलं, ग्लास खाली ठेवला आणि फुंकर मारत बसलो.

थोड्या वेळानं पुन्हा घोट घेतला. मग त्याच्याकडं बघून म्हटलं, “आता पी, सर्जा. बरोबर झालाय.”

त्यानं दोन्ही हातांच्या मध्ये धरून ग्लास उचलला आणि प्यायला.